कौल लावून घेतलेला पंप

हे लिहायच्या आधी मी ह्यांना विचारलं. एकदा न विचारता बोलले होते, त्याचीच ही हकिकत आहे, तेव्हा या खेपेला विचारणं भागच होतं. हे बाल्कांवात, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "बरय. पूण नांव घालूं नाका. म्हजेंय नाका, तुजेंय नाका, गांवचेंय नाका." म्हणून नावं नाहीत. गाव डिचोली तालुक्यातलं, पाळी गावच्या लोखंडाच्या खाणींपासून जवळ, एवढं पुरे. माझं माहेर पेडण्याकडचं.

मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढचं जे काय शिकले ते पुडीच्या कागदांवरून आणि मुलाच्या पुस्तकांवरून. मुलगा एकच. गोवा घटक राज्य झालं तेव्हा तो चौथीत होता, आणि मी सांगते आहे त्या वर्षी तो वास्कोला बंदरात कामाला लागून तिथेच राहत होता. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. ती फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. हे खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. ट्रकचं इंजिन, पाण्याचे पंप, खनिज वाहणाऱ्या बार्जीवरचा पट्टा, काहीही बिघडलं की ह्यांना बोलावणं. निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलेली.

त्या वर्षी हे माझ्याशी तुटक वागायला लागले. चटई उचलून बाल्कांवात झोपायला गेले, म्हणे उकडतं. उकाडा सरला, थंडी पडली, तरी चटई बाहेरच. आंघोळीला गेले की अर्धा तास. कपडे मी धुवायचे ते स्वतः धुवायला लागले. आता खाणीच्या माणसाचे कपडे म्हणजे तांबड्या मातीचा चिखल, ते कोण पुरुष हौसेने धुतो? माझ्या मनात नाही नाही ते आलं. आपण म्हातारी झालो, दुसरं काय! असंही वाटलं आणि असंही वाटलं की कोणीतरी असणार.

एका रविवारी दुपारी मी आदोळीवर बसून बांगडे कापत होते. आदोळी म्हणजे आमच्याकडची विळी. नणंद देवळात गेलेली. हे पाणी प्यायला आत आले, आणि माझ्या तोंडून गेलंच.

"खाणीवर कोण दुसरी मेळल्या काय तुमकां? सांगून तरी टाका. हांव माहेरा वतां."

हे तांब्या हातात धरून उभे राहिले. मग खाली बघून म्हणाले, "वांकडें जालां. दुखता."

"कितें वांकडें?"

ह्यांनी नुसतं बघितलं. आणि मला कळलं, आणि कळल्याबरोबर मी हसले.

का हसले? मला आजही सांगता येत नाही. इतके महिने जी सवत मनात घेऊन मी जळत होते ती नव्हतीच, ते हसू त्या सुटकेचं होतं असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण हसू ते हसूच. त्यांनी तांब्या मडक्यावर ठेवला आणि बाहेर गेले. माझे हात माशांच्या रक्ताने भरलेले, पदर सावरता येईना, मागे धावता येईना.

त्यांच्याशी पुन्हा बोलायला मला चार दिवस लागले. आम्ही घरात कोंकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठी. या दोन भाषांवरून गोव्यात माणसं एकमेकांची डोकी फोडायला उठलेली मी पाहिली आहेत. पण या दुखण्याबद्दल नवऱ्याशी धड बोलावं, तर मला दोन्हीत शब्द सापडेना. जे शब्द होते ते शिव्यांतले. शेवटी मी म्हटलं, "तें तुमचें कितें जालां, तें डॉक्टराक दाखोवया." हे म्हणाले, "तूं येतली जाल्यार."

दोघं म्हापशाला गेलो. डॉक्टर तरुण होता, आमच्या मुलापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. मी बाहेर बाकावर बसले, तर त्याने दार उघडून म्हटलं, "मामी, तुमीय भितर येयात. हें दोगांचें काम." आत गेले. आधी त्याने ह्यांचा हात मागितला. मला वाटलं नाडी बघतोय. तर त्याने तळवा उलटा केला. करंगळीच्या खाली एक दोरीसारखी गाठ होती, बोट पुरतं सरळ होत नव्हतं. आम्हाला वाटायचं पाना धरून धरून झालं. तो म्हणाला, काही माणसांना अशी गाठ हातात येते, काहींना तिथे येते, काहींना दोन्हीकडे. आतल्या पापुद्र्यावर वण धरतो, वण ताणत नाही, म्हणून ते त्या बाजूला वाकतं. पेरोनी की काय असं त्याचं नाव. कॅन्सर नव्हे, गुप्तरोग नव्हे, कुणाला लागत नाही. साखर तपासून घ्या, म्हणाला.

हे ऐकून ह्यांचा चेहरा जो सैल झाला! इतके महिने ह्यांना काय काय वाटत होतं ते मला तेव्हा समजलं. आणि मी हसले होते.

मग त्याने उपाय सांगितले. दुखतंय म्हणजे वण अजून बनतो आहे, हाच काळ काहीतरी करायचा. एकदा तो पक्का झाला की मग फार तर ऑपरेशन. दोन यंत्रं होती. एक पंप: काचेसारखी नळी, तिच्यातली हवा हाताने काढायची, तेवढ्याने ते ओढलं जातं, रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, हळू. दुसरं ओढणीचं यंत्र: एक कडं, दोन सळ्या, टोकाला पट्टा, आणि सळ्या थोड्या थोड्या वाढवत न्यायच्या. ते मात्र रोज काही तास अंगावर ठेवायचं, मधेमधे काढून रंग बघायचा, झोपेत घालायचं नाही, आणि हे असं सहा महिने. कुठल्यानेच पुरतं सरळ होईल असं तो म्हणाला नाही. "वाढपाचें थांबलें आनी मातशें उणें जालें, तरी मेळयलें म्हणपाचें." म्हणजे वाकणं थांबून थोडं कमी झालं तरी मिळवलं. ओढणीच्या यंत्राने गुण आल्याचं जास्त ठिकाणी दिसलं आहे, पण लोक कंटाळून सोडतात. पंप सोपा, पण त्याची तेवढी खात्री नाही, आणि जोर केला तर काळंनिळं होतं. "जें दर दिसा जातलें तेंच घेयात. घरा वचून दोगांय थारायात."

रोज जमेल ते घरा वचून दोघांनी ठरवा! त्याला काय माहीत आमचं घर? तीन खोल्या. आमच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. जनेल, म्हणजे खिडकी, रस्त्याकडे. सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलवरून आला तरी आतलं सगळं त्याला दिसायचं. नणंद दिवसभर आत-बाहेर. वर्कशॉपात खाकी पँट, आणि ह्यांचं अर्धं काम ट्रकखाली उताणं झोपून. तिथे सळ्यांचं यंत्र घालून कोण जाणार?

हे रोज एक बोलायचे. एक दिवस म्हणायचे, "पंप म्हाका कळटा. आखो जल्म पंपूच केल्यात." दुसऱ्या दिवशी सळ्यांच्या बाजूने, "वांकडी सळय उजू करपाची जाल्यार ल्हव ल्हव ओडची पडटा. एकदम वारें काडून कांयच जायना. यंत्र आयकता, मांस आयकता?" आणि मग माझ्याकडे बघायचे. "तूंच सांग."

असे दोन महिने गेले. आणि डॉक्टर म्हणाला होता हाच काळ.

मला सांगता येईना. मी चुकीचं सांगितलं आणि ह्यांना काही इजा झाली तर? मग मी तेच केलं जे आमच्याकडे विहीर खणताना, लग्न जमवताना, ट्रक घेताना सगळे करतात. कौल लावायचं ठरवलं. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते. सासरच्या गावात लावला तर बभ्रा होईल, म्हणून मी शहाणपण करून माहेरच्या देवाकडे गेले. ह्यांना म्हटलं, वयनीला, म्हणजे माझ्या भावजयीला, बरं नाही, बघून येते.

आता इथे माझी चूक काय झाली ती सांगते. कौल म्हणजे मुकाट्याने पाकळी लावून यायचं असं नसतं. घाडी, म्हणजे देवापुढे बोलणारा मानकरी, गाऱ्हाणं घालतो, मोठ्याने, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला हुंकार देतात. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या कज्जाचं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं, मीही "व्हय म्हाराजा" म्हटलेलं. पण आपलं गाऱ्हाणं असंच म्हटलं जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं माझं काम मी घाडीच्या कानात सांगेन आणि तो देवाच्या कानात सांगेल.

सोमवार होता. सभामंडपात माणसं आपापला नंबर धरून बसलेली. घाडी म्हातारा, मला परकरात असल्यापासून ओळखणारा. मी वाकून म्हटलं, "घरच्यांच्या दुखण्याचं आहे. दोन यंत्रं आहेत. हवेचं उजवीकडे, सळ्यांचं डावीकडे धरा."

"खयचा दुखणा?"

"असंच, शरीराचं."

"गो बाये, देवाकडे मोघम चलना नाय. देव सगळा जाणता, पण तुज्या तोंडासून त्याका आयकूक होया. खय दुखता?"

देवापुढे खोटं कसं बोलू? मी खाली बघून सांगितलं. हळूच सांगितलं. त्याने मान हलवली, हसला नाही की काही नाही, पाकळ्या ओल्या केल्या, लावल्या, आणि छाती भरून घेतली.

"बा देवा म्हाराजाऽ! आज ही तुजी माहेरवाशीण डिचोलीसून तुज्या पायांकडे इली हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

"तिच्या घोवाच्या पुरुषपणाच्या जाग्यार वाक इलो हा, दुखता हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाक्तरान दोन यंत्रां सांगल्यान हत. एक हवेन ओढूचा, एक सळयांनी ताणूचा! त्यातला खयचा लाभात ता तू उजव्या-डाव्यान सांग, आणि काय चूकभूल असात ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोणी हसलं नाही. मी हसले होते. त्या लोकांपैकी एकही हसलं नाही. सगळ्यांनी हात जोडून, डोळे मिटून, माझ्या नवऱ्याच्या त्या दुखण्याला हुंकार दिला. देवाने फार वेळ घेतला नाही. उजवी पाकळी पडली. पंप.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "हांवें खूब चिंतलें. पंप घेयात." देवाचं नाव काढलं नाही. ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुका तशें दिसता? मागीर पंपूच." डॉक्टरांनी मागवून दिला. सकाळी नणंद फुलं काढायला गेली की दहा मिनिटं, संध्याकाळी ती दिवा लावायला बसली की दहा मिनिटं, आणि मी पडद्याबाहेर राखण. असे पाच-सहा आठवडे चाललं. दुखणं थोडं कमी वाटतं म्हणायला लागले होते. चटई आत आली होती.

मग एके दिवशी हे दुपारीच घरी आले. जेवणाचा डबा तसाच भरलेला. पेडण्याकडचा एक ट्रक ड्रायव्हर होता, तो वर्कशॉपात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काय फिटर, देवान उजवी दिली मरे? मग आमच्या ट्रकाचोय कौल लाव, गियर अडकता."

सगळे हसले. ते ह्यांनी सोसलं असतं. पण ह्यांच्या हाताखाली कोल्हापूरकडचा एक वेल्डर होता, भला माणूस, तो पाठोपाठ बाहेर आला आणि म्हणाला, "मिस्त्री, मनावर घेऊ नगा. आमच्या गावाकडं एक वैद्य हाय, चिट्ठी देतो." ते ह्यांना सोसलं नाही.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. डबा माझ्यापुढे ठेवला.

"देवाक सांगलें तें सारकें केलें. देव कोणाक सांगना. पूण तुवें गांवाक सांगलें."

"म्हाका खबर नासलें..."

"तुका? ल्हानपणासावन त्याच देवळांत वाडल्ली तूं."

खरंच होतं. पंप त्यांनी हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. चटई बाहेर गेली. डॉक्टरकडे जायची तारीख आली आणि गेली. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा म्हणाले, "कौल लाव, कितें करचें तें."

चार महिने असे गेले. डॉक्टरने सांगितलेला काळ माझ्या डोळ्यांसमोर सरत होता आणि मी भात वाढत होते. नणंदेला काहीतरी कळलं होतं की नाही मला ठाऊक नाही. ती माझ्याशी एकदम गोड वागायला लागली, त्यावरून कळलं असणार. भाऊबीजेला माहेरी गेले नाही. माहेरच्या कुणाचंही तोंड बघायची मला लाज वाटत होती, आणि घरात ह्यांचं.

शेवटी मी एकटीच बसने म्हापशाला गेले आणि त्या पोरगेल्या डॉक्टरला सगळं सांगितलं. हसल्यापासून ते पाकळीपर्यंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामी, देवाक विचारलें तें वायट ना. पूण पयलीं तांकां विचारूंक जाय आशिल्लें."

मी म्हटलं, "त्यांनीच मला विचारलं होतं की."

"तर मग तुमी तुमचें सांगूंक जाय आशिल्लें."

माझं मत मी सांगायला हवं होतं, ते मी पाकळीवर टाकलं होतं. दुखायचं थांबलं असेल तर वण पक्का होत आला असेल, तो म्हणाला. ओढणीचं यंत्र अजूनही लावता येईल, पण आता आशा कमी धरा. ते येतील तर आणा.

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्यापुढे उभी राहिले. आमच्या पिढीत बायको नवऱ्याच्या पाया पडते, पण चूक झाली असं तोंडाने म्हणायची रीत नाही, आणि नवऱ्याची तर नाहीच नाही. मी म्हटलं. म्हटलं, मी हसले ते चुकले. तुमचं दुखणं चव्हाट्यावर नेलं ते चुकले. आणि पंप मला बरा वाटला असं जे तुम्हाला सांगितलं ते खोटं, मला काहीच वाटलं नव्हतं, देवाने पाडलं ते मी माझं म्हणून सांगितलं.

पहिल्या दोन गोष्टी ह्यांनी ऐकून घेतल्या. तिसऱ्या गोष्टीला मान वर केली.

"म्हाका पंप नाका आशिल्लो," हे म्हणाले. "म्हाका तें दुसरें जाय आशिल्लें. तुका पंप बरो दिसलो म्हूण हांव उगी रावलों."

ह्यांना हवं होतं सळ्यांचं, आणि मला पंप बरा वाटला म्हणून हे गप्प राहिले. एवढंच बोलायचं होतं दोघांनी एकमेकांशी. त्याच्यासाठी मी पेडण्याला जाऊन आले.

निवृत्त झाल्यावर पहिलं काम ह्यांनी केलं ते आमच्या खोलीला दार बसवायचं. सुताराला बोलावलं नाही, स्वतः बसवलं, आतून कडी लावली. नणंद म्हणाली, "या वयार कडी कित्याक रे तुका?" हे म्हणाले, "पेन्शनीचे कागद वारो व्हरता." मग स्वतःच डॉक्टरकडे गेले, मला फक्त "येता?" असं विचारलं. सळ्यांचं यंत्र आणलं. सहा महिने, रोज दुपारी जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत, पांढऱ्या लुंगीखाली ते लावून खुर्चीत बसायचे. दीड तासाने काढायचं, बघायचं, परत लावायचं. सळी वाढवायचा दिवस आला की फिटरसारखे चष्मा लावून बसायचे. मी शेजारी. पहिल्यांदा पट्ट्याचा नट पिळताना मी मधेच थांबले, तर म्हणाले, "भियेवं नाका, नटूच तो."

वाक थोडा कमी झाला. थोडाच. डॉक्टरने मोजला आणि वाढला नाही म्हणून समाधान मानलं. तो म्हणाला नाही, पण मला माहीत आहे की त्या चार महिन्यांनी आमचं काहीतरी नेलं, आणि ते चार महिने माझे होते.

चटई आत आली ती राहिली.

अशाच एका दुपारी, कडी लावलेली, हे यंत्र लावून बसलेले, मी पेपरातल्या मयताच्या जाहिराती वाचून दाखवत होते. एकदम ह्यांनी विचारलं, "त्या दिसा देवळांत कितलीं आशिल्लीं?"

इतक्या महिन्यांत हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "आठ-धा. आनी तींय चडशीं म्हातारीं."

"आठ-धाच?"

"तितलींच."

हे म्हणाले, "मागीर इतलें कांय ना." आणि खुर्चीत जरा मागे रेलले. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं, म्हणून पुढे कधी ते वाक्य मी बदललं नाही. इतकी वर्षं नाही.

पण आता त्यांनी लिहायला हो म्हटलं आहे, आणि लिहून झालं की पहिल्यांदा तेच वाचणार. चाळीस माणसं तरी होती. मंडप भरलेला होता. त्यात माझा भाऊ होता, बरी नाही म्हणून जिला बघायला गेले ती वयनी होती, आणि सगळ्यांत मोठा हुंकार तिचाच होता.